नवरंगाचं गोत्र: पिट्टांच्या जाती किती, आणि यादी सारखी का बदलते?

पावसाळा तोंडावर असताना सकाळी गॅलरीच्या कोपऱ्यात एक दमलेला रंगीत पक्षी सापडला. ओळखीच्या एकाने तो नवरंग असल्याचं सांगितलं. दिवसभर अंधाऱ्या खोक्यात शांत ठेवून संध्याकाळी तुम्ही त्याला झाडीत सोडलंत. इथवर सगळं उत्तम केलंत. नवरंग रात्री उडत स्थलांतर करतात आणि थकले की असे घरादारांत शिरतात.

घोटाळा त्यानंतर झाला. तुम्ही वाचायला बसलात. जुन्या पुस्तकात या कुलात तीसेक जाती आणि सगळ्या ‘पिट्टा’ या एकाच नावाखाली. मोबाइलवरच्या ॲपमध्ये चाळीसहून अधिक, त्याही ‘पिट्टा’, ‘एरिथ्रोपिट्टा’ आणि ‘हायड्रॉर्निस’ अशा तीन गटांत वाटलेल्या. तिसऱ्या यादीत आणखी वेगळा आकडा. वर दक्षिण अमेरिकेत ‘अँटपिट्टा’ नावाचे अगदी तशाच ठेवणीचे पक्षी. तुम्ही विचारलंत: यातली बरोबर यादी कोणती? अँटपिट्टा नवरंगाचे भाऊबंद आहेत का? आणि नवरंग सकाळ-संध्याकाळ शीळ घालतो, तरी त्याला गाणाऱ्या पक्ष्यांत का धरत नाहीत?

मी बरीच वर्षं पक्ष्यांचे संग्रहातले नमुने आणि आवाजाची रेकॉर्डिंग्ज यांवर काम करतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या टेबलावरचा आहे. आधी शब्दांचं बघू, नाहीतर पुढे गोंधळ होईल. मराठी शास्त्रीय लेखनात ‘जाती’ म्हणजे स्पीशीज, ‘प्रजाती’ म्हणजे तिच्या वरची पायरी, जीनस. वर्तमानपत्रांत स्पीशीजला सर्रास ‘प्रजाती’ म्हणतात आणि निम्मे वाद तिथेच सुरू होतात. मी इथे जात, प्रजाती, कुल असाच चढता क्रम पाळतो.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. कोण कोणाचा जवळचा नातलग, हा एक. त्याचं उत्तर भूतकाळात घडून गेलेलं असतं, आपण ते शोधतो, आणि ते चुकू शकतं. दुसरा असा की त्या नातलगांत किती घरं वेगळी मोजायची. दोघे सख्खे भाऊ आहेत की नाहीत हे खरं किंवा खोटं असतं. पण त्यांचं एकत्र कुटुंब धरायचं की दोन चुली, हे ठरवावं लागतं. पक्ष्यांच्या याद्या बदलतात तेव्हा कधी पहिल्या प्रकारची चूक सुधारलेली असते, कधी नुसत्या चुली वेगळ्या झालेल्या असतात. वरून दोन्ही बदल सारखेच दिसतात, दोन्हींत लॅटिन नाव बदलतं. बदल कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखता आलं की आकड्यांचा त्रास बराच कमी होतो.

पहिल्या प्रकारच्या चुकीचं सगळ्यात जुनं उदाहरण खुद्द नवरंगच. सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची रीत घालणाऱ्या लिनियसने १७६६ साली त्याला शास्त्रीय नाव दिलं ते ‘कॉर्व्हस ब्रॅकियुरस’. कॉर्व्हस म्हणजे कावळ्यांची प्रजाती. ब्रॅकियुरस म्हणजे आखूड शेपटीचा. आखूड शेपूट खरी, कावळा मात्र साफ चूक. पुढे १८१६ साली व्हिएयो या फ्रेंच पक्षीशास्त्रज्ञाने या पक्ष्यांसाठी ‘पिट्टा’ ही प्रजाती मांडली. हा शब्द तेलुगूतला, ‘पिट्ट’ म्हणजे लहान पक्षी. आज आफ्रिकेपासून सॉलोमन बेटांपर्यंतच्या पक्ष्यांना लागलेलं नाव तेलुगू बोलीतून गेलंय, याची मला अजून गंमत वाटते.

मग कावळा नाही, तर कोण? पिट्टा पाहिलात तर कोणीही आधी कस्तूरच म्हणेल. जमिनीवर टुणटुणत चालणं, पालापाचोळा चोचीने उलटून गांडुळं आणि किडे काढणं, लांब पाय, ताठ उभं राहणं. युरोपीय लोक त्यांना ‘रत्नजडित थ्रश’ (थ्रश म्हणजे कस्तूर) अशा अर्थाच्या नावांनी ओळखत. ऑस्ट्रेलियातला नॉइझी पिट्टा तर गोगलगाय ठरावीक दगडावर आपटून फोडतो, आणि ही सवय युरोपातल्या साँग थ्रशलाही आहे. इतकं साम्य असूनही दोघांचं नातं फार दूरचं.

हे दूरपण कळलं ते घशातून. पक्ष्याचा आवाज सिरिंक्स नावाच्या अवयवात तयार होतो. श्वासनलिका जिथे दुभंगते त्या जागी तो असतो. जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्यूलर यांनी १८४०च्या दशकात या अवयवाची चिरफाड करून पाहिली आणि झाडावर बसणाऱ्या पक्ष्यांच्या प्रचंड गणात, म्हणजे पॅसेरिफॉर्मिसमध्ये, दोन ठेवणी आहेत हे दाखवलं. एकीत सिरिंक्सला स्नायूंच्या अनेक जोड्या असतात आणि त्यावर बारीक ताबा असतो. कावळा, कस्तूर, बुलबुल, दयाळ, शिंजीर, चिमणी हे सगळे त्यातले; त्यांना ऑसाइन म्हणतात. दुसरीत ही यंत्रणा बरीच साधी असते, ते सबऑसाइन. पिट्टा या दुसऱ्या घरचे.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. ‘गाणारे पक्षी’ हा शास्त्रात ऑसाइनांच्या फांदीचा पत्ता आहे. कोण गोड गातं याचं ते प्रशस्तिपत्र नाही. म्हणून कर्कश कावळा शास्त्राने गाणारा, आणि मान मागे टाकून ‘व्हीट्-ट्यू’ अशी स्वच्छ दोन सुरांची शीळ घालणारा नवरंग त्या यादीबाहेर. तमिळमध्ये त्याला ‘सहा वाजताचा पक्षी’ अशा अर्थाचं नाव आहे, कारण तो पहाटे आणि तिन्हीसांजेला बोलतो. वर्गीकरणाने त्याची शीळ हिरावून घेतलेली नाही.

सबऑसाइनांची जगातली वाटणी फार विषम आहे. जवळजवळ सगळे अमेरिका खंडात, विशेषतः दक्षिण अमेरिकेत, हजाराहून अधिक जाती. जुन्या जगात, म्हणजे आशिया-आफ्रिकेकडे, मोजकेच: पिट्टा, रुंद चोचीचे ब्रॉडबिल आणि मादागास्करचे ॲसिटी. या मोजक्यांत दोन मजेदार प्रकरणं आहेत. मादागास्करमध्ये निओड्रेपॅनिस नावाचा बाकदार चोचीचा मध पिणारा पक्षी आहे. तो कित्येक वर्षं शिंजीर म्हणून मोजला जात होता. डीन ॲमडन यांनी १९५१ साली तो ॲसिटींतला असल्याचं दाखवलं. दुसरं प्रकरण सपायोआचं. हा पनामा ते इक्वेडोरच्या जंगलातला मळकट हिरवा पक्षी, तिथल्या मॅनाकिन पक्ष्यांत टाकलेला. त्याच्या लॅटिन नावातच ‘एनिग्मा’, म्हणजे कोडं, हा शब्द आहे. २००३ साली डीएनएवरून कळलं की राहतो अमेरिकेत, पण गोत्र जुन्या जगाचं, पिट्टा-ब्रॉडबिलांचं. हे दोन्ही बदल पहिल्या प्रकारचे. आधीचं चुकलेलं होतं, ते दुरुस्त झालं, आता त्यावर भांडण नाही.

आता अँटपिट्टा. ते पिट्टा कुलात नाहीत. तेही सबऑसाइन आहेत, त्यामुळे नातं शून्य नाही, पण ते सगळ्या अमेरिकन सबऑसाइनांइतकंच दूरचं. त्यांचं कुल ग्रॅलॅरिडी, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं. जंगलाच्या अंधाऱ्या जमिनीवर किडे वेचायचे असतील तर लांब पाय उपयोगी, लांब शेपूट अडचणीची. दोन खंडांत वेगवेगळ्या वंशांना तोच साचा लागू पडला. हे अँटपिट्टा पूर्वी अँटथ्रश आणि अँटबर्ड यांच्यासह एकाच मोठ्या कुलात कोंबलेले होते. तीही मोट पुढे सुटली, आणि आता तिन्हींची कुलं वेगळी आहेत.

नात्याचा अंदाज घेताना मी ठेवणीपेक्षा अशा लक्षणांकडे बघतो ज्यांचा पोट भरण्याशी थेट संबंध नाही. घरटं हे त्यातलं एक. पिट्टा कुलात सगळीकडे घरटं घुमटाकार, काड्या-पानांचा गोळा आणि बाजूने दार. मग ते जमिनीवर असो की फांदीवर. अँटपिट्टाचं घरटं उघड्या वाटीसारखं. अँटथ्रश झाडाच्या ढोलीत अंडी घालतात. शरीराची ठेवण तीच, घर बांधायची रीत तीन तऱ्हांची. निव्वळ घरट्यावरून कुल ठरवू नये हे मान्य, पण ठेवण एक सांगते आणि घरटं दुसरं, तेव्हा सावध व्हायला हरकत नाही.

आता मुख्य घोळ: एका प्रजातीच्या तीन कशा झाल्या.

मार्टिन इरेस्टेड आणि सहकाऱ्यांनी २००६ साली संग्रहालयांतल्या जुन्या कातड्यांतून डीएनए काढून पिट्टांची वंशावळ मांडली. त्यात तीन स्पष्ट फांद्या दिसल्या, एकमेकींपासून खूप आधी फुटलेल्या. नवरंग ज्या फांदीवर आहे तिच्याकडे ‘पिट्टा’ हे मूळ नाव राहिलं. तांबड्या पोटाच्या पिट्टांच्या फांदीला ‘एरिथ्रोपिट्टा’ आणि तिसरीला ‘हायड्रॉर्निस’. ही दोन नावं नवी घडवलेली नाहीत. एरिथ्रोपिट्टा पक्षीशास्त्रज्ञ बोनापार्टने १८५४ साली सुचवलं होतं. हायड्रॉर्निस कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात काम करणाऱ्या एडवर्ड ब्लाइथने १८४३ साली. दोन्ही अडगळीत पडलेली होती, ती बाहेर काढली. हायड्रॉर्निसचा अर्थ ‘पाणपक्षी’, आणि त्यातला एकही पिट्टा पाणपक्षी नाही. नाव बरोबर असण्यापेक्षा आधीचं असणं महत्त्वाचं, असा नियमच आहे.

तुम्ही लिहिलंय की ॲपमध्ये ब्लू पिट्टाचं नाव एका ठिकाणी ‘सायनिया’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘सायनियस’ आहे, ही छपाईची चूक असावी. चूक नाही. ते व्याकरण आहे आणि मराठी माणसाला ते चटकन कळावं. पिट्टा हा शब्द लॅटिनमध्ये स्त्रीलिंगी धरतात, म्हणून निळी: सायनिया. हायड्रॉर्निस पुल्लिंगी, म्हणून निळा: सायनियस. प्रजाती बदलली की विशेषणाला लिंग बदलावं लागतं. नवरंगाचंही असंच झालं: कॉर्व्हस होता तेव्हा ‘ब्रॅकियुरस’, पिट्टा झाल्यावर ‘ब्रॅकियुरा’.

तिन्ही फांद्यांचा फरक डोळ्यांनी दिसतो का? काही अंशी दिसतो, आणि ते मी स्वतः चुकून शिकलो. उमेदवारीच्या काळात मला एका संग्रहातला पिट्टांचा खण लावायला दिला होता. कातडी पोट वर करून ओळीने ठेवलेली असतात, डोळ्यांच्या जागी कापूस, पायांना दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, शाई उडत चाललेली. मी हुशारी करून आधी रंगाने गट पाडले आणि चिठ्ठ्या नंतर वाचायच्या ठरवल्या. निळ्या पाठीचे एकीकडे, मळकट तपकिरी पाठीचे दुसरीकडे. चिठ्ठ्या वाचल्यावर कळलं की मी ब्लू पिट्टाचे नर आणि माद्या दोन ‘जाती’ म्हणून वेगळ्या काढल्या होत्या. वरिष्ठ काही बोलले नाहीत, फक्त नवरंगाचा ट्रे माझ्यासमोर सरकवला आणि म्हणाले, “आता यातले नर काढून दाखवा.” मला एकही सांगता आला नाही.

फरक तो हाच. हायड्रॉर्निसमध्ये नर आणि मादी रंगाने वेगळे असतात, काहींत तर ओळखू न येण्याइतके. पिट्टा आणि एरिथ्रोपिट्टा या दोन्हींत नर-मादी सारखेच दिसतात. हायड्रॉर्निसच्या साधारण तेरा जाती आहेत, आणि सगळ्या दक्षिण-आग्नेय आशियाची मुख्य भूमी आणि सुमात्रा, जावा, बोर्निओ या भागांत. हिमालयाच्या पायथ्याकडचा ब्लू-नेप्ड पिट्टा त्यातलाच. गर्नीचा पिट्टाही. तो नाहीसा झाला असं धरून चालले असता १९८६ साली थायलंडच्या दक्षिणेत पुन्हा सापडला, नंतर म्यानमारमध्येही. सखल जंगल तोडून ताडतेलाच्या आणि रबराच्या बागा होत गेल्यामुळे आज त्याची अवस्था फार वाईट आहे. एरिथ्रोपिट्टा आग्नेय आशियातून न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलियाच्या टोकापर्यंत. आणि नवरंगाची फांदी सगळ्यात लांब पसरलेली: आफ्रिकेतल्या दोन जाती, जपान-कोरियात वीण करून हिवाळ्यात बोर्निओला उतरणारा फेअरी पिट्टा, ऑस्ट्रेलियातले नॉइझी आणि रेनबो पिट्टा, सगळे त्यात.

आता नीट बघा. तीन फांद्या आहेत, हे शोधून काढलेलं सत्य. पण तिन्ही मिळून एकच मोठी फांदी होते, हेही तितकंच खरं. त्यामुळे तिन्हींना मिळून ‘पिट्टा’ म्हणणारं तुमचं जुनं पुस्तक या बाबतीत चुकलेलं नाही. ते एकत्र कुटुंब मोजत होतं. नव्या याद्यांनी चुली वेगळ्या केल्या. मला नवी वाटणी सोयीची वाटते, कारण ‘हायड्रॉर्निस’ म्हटलं की नर-मादी वेगळे असणार आणि मुलूख आशियाचा असणार, एवढं नावातूनच कळतं. नावाने काहीतरी सांगितलं पाहिजे, नाहीतर ते पाठ करायचं कशाला? पण ही माझी आवड झाली. कोणी जुनं नाव वापरलं तर मी लाल शाईने खोडत नाही.

डीएनए म्हटलं की लोकांना ते शेवटचा शब्द वाटतो, म्हणून थोडं त्याच्या मागच्या खटाटोपाबद्दल. जुन्या कातड्यातून डीएनए काढायचा म्हणजे बहुधा पायाच्या बोटाखालच्या गादीतून, मोहरीच्या दाण्याएवढा तुकडा. तेवढा कापतानाही हात थरथरतो, कारण शंभर वर्षांपूर्वीचा नमुना परत मिळणार नसतो आणि त्या तुकड्यावर एकदाच काम होतं. त्यातला डीएनए कालौघात तुटून बारीक तुकड्यांचा झालेला असतो. ते तुकडे एकमेकांना जोडत जावं लागतं. ताज्या रक्ताचा नमुना त्याच खोलीत हाताळला गेला असेल तर त्याचा ताजा, लांब डीएनए जुन्याच्या बोकांडी बसतो आणि निकाल भलत्याच पक्ष्याचा येतो. म्हणून जुन्या नमुन्यांची खोली वेगळी, हत्यारं वेगळी, आणि एकाच जातीचे दोन-तीन नमुने घेऊन ते एकमेकांशी जुळतात का ते पाहणं. एका नमुन्यावर उभी असलेली फांदी मी पेन्सिलनेच काढतो.

प्रजातींचं झालं. जातींचा आकडा का हलतो, ते जास्त अवघड आहे, आणि इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून असतं.

एकाच जंगलात दोन प्रकारचे पक्षी शेजारी राहतात आणि तरी आपसांत जोड्या जमवत नाहीत, तर त्या दोन जाती. हे सोपं. ब्लू-विंग्ड पिट्टा आणि मँग्रूव्ह पिट्टा रंगाने इतके सारखे की फोटोत फसायला होतं. पण मँग्रूव्हची चोच जाड आणि लांब, तो कांदळवनात राहणारा, आणि दोघे आपापली ओळख टिकवून आहेत. एके काळी हे दोघे आणि फेअरी पिट्टा, तिघेही नवरंगाच्याच उपजाती म्हणून लिहिले जात. म्हणजे आज चार जाती मोजतो तिथे जुन्या काही याद्यांत एकच होती. पक्षी तेच, जंगल तेच.

पण पक्षी वेगवेगळ्या बेटांवर असतील तर? ते कधी भेटतच नाहीत, मग भेटले असते तर जोड्या जमल्या असत्या का, हे कसं ठरवणार? पिट्टांच्या आकड्यांतली बहुतेक उलथापालथ बेटांवरची आहे. तांबड्या पोटाचा ‘रेड-बेलीड पिट्टा’ बराच काळ फिलिपिन्स ते ऑस्ट्रेलिया एवढ्या पट्ट्यात एकच जात मानला जाई, खाली उपजातींची भली मोठी रांग. बेटागणिक डोक्याचा रंग वेगळा, छातीवरच्या निळ्या पट्ट्याची रुंदी वेगळी. २०१३ साली डीएनएवरून त्यांच्यातली अंतरं मोजली गेली. २०१५ साली दुसऱ्या गटाने रंग-मापांची मोजणी केली. ही एकच जात म्हणता येत नाही यावर दोन्हींचं जुळलं. किती म्हणायच्या यावर याद्या अजून एकसारख्या नाहीत.

रंग-मापांच्या मोजणीची एक पद्धत २०१० साली मांडली गेली. दोन गटांतल्या फरकांना गुण द्यायचे: किरकोळ फरकाला १, मध्यमला २, मोठ्याला ३, असाधारणाला ४. रंग, माप, आवाज, वागणूक अशा वेगवेगळ्या बाबींतले मोजके फरकच धरायचे, आणि बेरीज ७ किंवा जास्त आली तर दोन जाती मानायच्या. मला ही पद्धत आवडते, कारण आपला निर्णय कशावर उभा आहे ते ती उघड करायला लावते. पण सातच का? सहा किंवा आठ का नाही? जुन्या मान्य जातींमध्ये साधारण किती फरक असतो ते पाहून रेघ आखलेली आहे, इतकंच. परीक्षेत ३५ला पास होतो तशातलं हे. ३४ मिळवणाऱ्याला काहीच येत नाही असं आपण म्हणत नाही.

या सगळ्यात मी स्वतः सर्वांत जास्त वजन आवाजाला देतो, आणि त्याचं कारण पुन्हा त्या घशापाशी येतं. ऑसाइन पक्षी गाणं शिकतात. पिल्लू बापाचं, शेजाऱ्याचं ऐकतं, नक्कल करतं, चुकतं, सुधारतं. म्हणून एकाच जातीच्या दयाळांची बोली प्रदेशागणिक बदलू शकते, आणि नुसती बोली बदलली म्हणून मी जात वेगळी म्हणणार नाही. सबऑसाइनांत बहुतेकांचं गाणं जन्मजात असतं. क्रूड्स्मा आणि कोनिशी यांनी १९९१ साली ईस्टर्न फीबी या अमेरिकन सबऑसाइन पक्ष्याच्या पिल्लांवर प्रयोग केला: त्यांना ऐकू येत नसतानाही मोठेपणी गाणं नेहमीसारखंच आलं. त्यामुळे दोन बेटांवरच्या पिट्टांची शीळ स्पष्ट वेगळी असेल, तर तो फरक बहुधा वंशातला आहे, शिकवणीतला नाही. ‘बहुधा’ म्हणतो, कारण प्रयोग फीबीवरचा आहे. शिवाय बेलबर्डसारखे गाणं शिकणारे अपवादही सबऑसाइनांत निघाले आहेत.

आवाजाचा हा पुरावा अँटपिट्टांच्या बाबतीतही निर्णायक ठरला. अँडीज पर्वतातला ‘रूफस अँटपिट्टा’ हा एक साधा तांबूस पक्षी. २०२० साली आवाज आणि डीएनए एकत्र पाहून त्याच्या अनेक जाती झाल्या. कातडी शेजारी ठेवली तर तांबूस, जरा कमी तांबूस, एवढाच फरक दिसायचा. रेकॉर्डिंग लावली की खोलीतल्या कोणालाही वेगळेपण ऐकू येतं. पिट्टांचंही तसंच आहे. दाट जंगलात तो दहा वेळा ऐकू येतो तेव्हा एकदा दिसतो. मग पक्षी स्वतः एकमेकांना कशावरून ओळखत असतील?

तेव्हा कोणती यादी वापरायची? तुम्ही नोंदी ॲपवर टाकत असाल तर त्या ॲपची. नोंदीला ती ज्या चौकटीत भरली ती चौकट चिकटून राहते. मध्येच नावं बदलली तर पुढे कोणाला काही जुळवता येत नाही. संवर्धनाचा दर्जा बघायचा असेल तर ज्या यादीवर धोक्यातल्या जातींची तांबडी यादी बेतलेली आहे तिच्यातच बघा, कारण एका जातीच्या सहा झाल्या की एखाद्या छोट्या बेटावरची जात अचानक संकटात दिसू लागते. खाली जंगल तेवढंच असतं. मोठ्या याद्या एकत्र आणण्याचं कामही सुरू आहे. ‘ॲव्हीलिस्ट’ नावाची सामाईक यादी २०२५ साली निघाली. तरी आकडा हलत राहील. नव्या बेटाची रेकॉर्डिंग हाती आली की तो हललाच पाहिजे.

थोडक्यात तुमच्या तीन प्रश्नांपुरतं: कुल एकच, पिट्टिडी, त्यावर कोणाचा वाद नाही. प्रजाती तीन मोजा किंवा एक, वंशावळ तीच राहते. आज बहुतेक जण तीन मोजतात. जाती चाळीसहून अधिक, नेमका आकडा यादी आणि वर्ष सांगितल्याशिवाय सांगता येत नाही. अँटपिट्टा वेगळ्या कुलातले. नवरंग सबऑसाइन, म्हणून ‘गाणाऱ्यां’त नाही.

तुमच्या गॅलरीतल्या पाहुण्याचं नाव मात्र या सगळ्या धुमश्चक्रीत हललेलं नाही. पिट्टा ब्रॅकियुरा डोळे झाकून लिहा. पण सोबत तारीख, सापडल्याची वेळ आणि त्या रात्री वारा-पाऊस कसा होता तेही टाका. दमून उतरलेल्या नवरंगांच्या अशा नोंदींवरूनच त्यांच्या रात्रीच्या वाटा कळतात. खोक्यात असताना काढलेला फोटो असेल तर तोही ठेवा, पंखावरचा पांढरा डाग दिसेल असा. आणि पुढच्या वेळी सापडला तर सोडायच्या आधी मोबाइलचा रेकॉर्डर चालू ठेवा. सोडल्यावर झाडीत शिरता शिरता कधी कधी एकदा ओरडतो.